मुठीतला मका

गेल्या वर्षी जूनमध्ये आमची लेक शाळेच्या गटाबरोबर आफ्रिकेतल्या मलावी देशात निघाली, तेव्हा साताऱ्याहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे वडील. वय एक्क्याऐंशी, कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात. नातीला आशीर्वाद देऊन झाले आणि मग मला म्हणाले, "एक इचारू का? इमानाला एवढं भाडं भरून पोरं तिथं जाऊन करणार काय? त्यापेक्षा तेवढं पैसं त्या शाळंलाच धाडलं असतं तर?"

मला चटकन उत्तर देता आलं नाही, कारण हाच प्रश्न दोन वर्षं माझ्याही मनात घोळत होता. आज सविस्तर लिहितेय ते आप्पांसाठी, आणि गावाकडच्या ज्यांना ज्यांना असंच वाटलं असेल त्यांच्यासाठी.

आम्ही स्कॉटलंडमध्ये ग्लासगोजवळच्या एका छोट्या गावात राहतो. लेकीची शाळा सरकारी आहे, इथली बहुतेक मुलं अशाच शाळांत जातात. या शाळेचं मलावीतल्या दोन प्राथमिक शाळांशी वीस वर्षांहून जास्त काळ नातं आहे. दर दोन वर्षांनी सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींचा एक गट तिकडे जातो, आणि मधल्या वर्षी तिकडचे शिक्षक इकडे येतात. शाळा त्याच दोन, गावंही तीच. मुलं शाळेतून बाहेर पडतात, नवी येतात, मुख्याध्यापक बदलतात, पण जाणंयेणं थांबलेलं नाही. फक्त कोरोनाच्या काळात खंड पडला.

मलावीच का, हे मला इथे आल्यावर कळलं. डेव्हिड लिव्हिंगस्टन हा प्रवासी मिशनरी आमच्या घरापासून फार लांब नसलेल्या ब्लांटायर गावात 1813 साली जन्मला. घरची गरिबी. दहाव्या वर्षी तो सूतगिरणीत कामाला लागला, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत. नंतर रात्रशाळा. पहिल्या पगारातून त्यानं लॅटिनच्या व्याकरणाचं पुस्तक घेतलं, आणि चरख्याच्या चौकटीवर पुस्तक उघडं ठेवून काम करता करता तो वाचायचा. ती जागा आता संग्रहालय आहे. कामगारांची ती अंधारी खोली बघताना माझ्या डोळ्यांसमोर साताऱ्याची धनिणीची बाग आली, आप्पा शिकले त्या वसतिगृहाची जागा. कमवा आणि शिका म्हणजे काय, हे आमच्या घरात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

हा लिव्हिंगस्टन 1859 मध्ये मलावीच्या मोठ्या सरोवरापाशी पोचला. पुढे तिथे मिशनऱ्यांनी वसवलेल्या गावाला त्याच्या जन्मगावाचं नाव दिलं गेलं. आज ब्लांटायर हे मलावीतलं व्यापाराचं मोठं शहर आहे. मागाहून इंग्रजांचं राज्य आलं, देशाला न्यासालँड म्हणू लागले, आणि 6 जुलै 1964 ला तो देश स्वतंत्र झाला. आपल्यानंतर सतरा वर्षांनी. 2005 मध्ये स्कॉटलंड आणि मलावीच्या सरकारांनी सहकार्याचा करार केला. इथल्या कितीतरी शाळांचं तिकडच्या शाळांशी असं नातं आहे.

आता पैशांचं. पालकांच्या पहिल्याच सभेत बाईंनी सांगितलं, "कृपा करून कुणीही चेक फाडू नका. प्रत्येक मुलानं आपला खर्च स्वतः मिळवायचा, आणि मलावीतल्या शाळांसाठीही तेवढेच पैसे उभे करायचे." हे ऐकलं आणि माझं मन थोडं निवळलं. दीड वर्ष आमचे शनिवार त्यातच गेले. इथे सुपरमार्केटमध्ये मुलं काउंटरच्या टोकाला उभी राहतात, गिऱ्हाइकांचं सामान पिशव्यांत भरून देतात आणि बाजूला ठेवलेल्या बादलीत लोक सुटे पैसे टाकतात. लेक पाच-पाच तास उभी राहायची. दूध खाली, अंडी वर, पाव सगळ्यात वर. घरी आली की नाणी डायनिंग टेबलावर ओतायची आणि पेनीचे मनोरे रचून मोजायची. टेबलाला तांब्याचा वास यायचा. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी बादलीत नोट टाकली आणि सांगितलं, "माझा नातू पहिल्या गटात गेला होता. आता तो दोन मुलांचा बाप आहे." लेकीनं त्या दिवशी ती नोट वेगळी ठेवली होती.

शाळेच्या हॉलमध्ये केली झाली, म्हणजे इथला पारंपरिक समूहनृत्याचा कार्यक्रम. खाऊची विक्री झाली. आम्ही मायलेकींनी शंकरपाळे आणि नानकटाई केली, ती अर्ध्या तासात संपली.

आप्पांच्या पिढीला हे सगळं ओळखीचं वाटेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी, म्हणजे अण्णांनी, 1919 मध्ये कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत जेवायची. पोरं जगवायला अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाई वहिनींनी अंगावरचे दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही. गावोगावच्या बायका दळण करायच्या आधी मूठभर धान्य बाजूला काढायच्या आणि ते गोळा होऊन वसतिगृहात यायचं. आप्पा तिथलेच. आठवीत गेले तेव्हा अंगावर एकच सदरा होता. सकाळी शेतात काम, दुपारी शाळा. अण्णा 9 मे 1959 ला गेले, त्या दिवसाबद्दल आप्पा अजून बोलायला लागले की मधेच थांबतात. म्हणून आप्पांच्या प्रश्नाला माझ्या लेखी वजन आहे. ज्याला दुसऱ्याच्या मुठीतल्या दाण्यावर शिकावं लागलं, त्यानं विचारलेला तो प्रश्न आहे.

त्या पहिल्या सभेत एक पुस्तिका मिळाली. त्यात या उपक्रमाच्या चुका लिहिलेल्या होत्या. सुरुवातीच्या वर्षांत इथली मुलं तिथे जाऊन वर्गांच्या भिंती रंगवून आली. फोटो छान आले. नंतर तिथल्या एका शिक्षकानं शांतपणे सांगितलं, "गावात दोन रंगारी आहेत. त्या आठवड्यात ते घरी बसून होते." दुसऱ्या एका वर्षी इथून जुने संगणक पाठवले, आणि त्या शाळेत वीज नव्हती. हे सगळं छापून पालकांच्या हातात देणाऱ्या माणसांवर माझा विश्वास बसला. मी कितीतरी संस्थांची चकचकीत पत्रकं पाहिलीत, त्यांत असं पान कधी दिसलं नाही.

आता रीत अशी आहे की काय हवं ते तिकडचे लोक ठरवतात. गाव विटा पाडून भाजतं, वाळू आणतं. इकडून सिमेंट, पत्रे आणि मजुरीचे पैसे जातात. काम गावचा गवंडी आणि गावचा सुतार करतो. लोकवर्गणी आणि श्रमदानातून आपल्याकडे किती शाळाखोल्या उभ्या राहिल्या ते आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. स्कॉटलंडची मुलं तिथे भिंत बांधत नाहीत आणि मास्तरही होत नाहीत. तिथल्या शिक्षकांच्या हाताखाली वर्गात बसतात, वरच्या वर्गातल्या मुलांबरोबर जोडीनं इंग्रजी वाचतात, खेळतात.

लेक तीन आठवडे राहून आली. तिच्या वहीतली एक नोंद मी अजून विसरले नाही. पहिलीच्या वर्गात एकशे चाळीस मुलं, एक बाई. मलावीनं 1994 मध्ये प्राथमिक शिक्षणाची फी रद्द केली तेव्हा लाखो मुलं एकदम शाळेत आली, आणि वर्गखोल्या नि शिक्षक अजूनही त्या मानानं पुरे पडत नाहीत. तर त्या वर्गात एका मुलानं आपली पेन्सिल दातांत धरून कडकन मोडली आणि अर्धी शेजारणीला दिली. तिला टोक नव्हतं. मग त्यानं ती परत घेतली, जमिनीच्या सिमेंटवर घासून टोक काढलं आणि पुन्हा दिली. एवढं सगळं होईपर्यंत फळ्यावरचं वाक्य पुसलं गेलं होतं. लेकीच्या दप्तरात त्या दिवशी सहा पेन्सिली होत्या. त्या बाहेर काढायच्या नाहीत, हा नियम तिला तिथे पहिल्यांदा बोचला. शाळेला द्यायचं ते सगळं मुख्याध्यापकांच्या हाती द्यायचं. पाहुण्यानं पोरांना वाटत सुटायचं नाही, कारण मग पोरं पाहुण्यांची वाट बघायला लागतात. नियम कडक आहे, पण मला तो पटतो.

सकाळी मुलं घरून आपापला मग घेऊन येतात आणि मका-सोयाबीनच्या पेजेसाठी रांग लावतात. तिला फाला म्हणतात. मलावीतल्या अनेक शाळांत ही पेज मेरीज मील्स ही संस्था पुरवते. तीही स्कॉटलंडचीच, आणि तिनं 2002 मध्ये मलावीतूनच सुरुवात केली. आपल्या शाळेतल्या खिचडीमुळे पोरं वर्गात टिकली, तसंच तिथेही. नेटबॉलमध्ये, म्हणजे बास्केटबॉलसारख्या खेळात, तिथल्या सातवी-आठवीच्या मुलींनी आमच्या उंचपुऱ्या पोरींना दोनदा हरवलं. मलावीचा महिला संघ जगात नावाजलेला आहे, त्यामुळे प्रत्येक मैदानावर लोखंडी कडी लावलेला खांब दिसतोच.

मुलींसाठी त्या शाळेत आता वेगळी स्वच्छतागृहं आहेत, आणि पाळीच्या दिवसांत बदलायला कडी लागणारी एक खोली. ती मागणी गावातल्या बायकांच्या गटाकडून आली होती. मलावीत शाळाशाळांतून असे आयांचे गट असतात. त्या कापडी पॅड शिवतात, आणि एखादी मुलगी चार दिवस दिसली नाही की तिच्या घरी जाऊन बसतात. लग्न ठरवलंय का, ते विचारतात. तिथल्या देद्झा जिल्ह्यातल्या थेरेसा काचिंदामोतो या परंपरागत प्रमुख असलेल्या बाईंनी शेकडो बालविवाह मोडून मुलींना परत शाळेत धाडलं होतं. लेक हे सांगत होती तेव्हा मी तिला नायगावची गोष्ट सांगितली, आपल्याच जिल्ह्यात 1831 मध्ये जन्मलेल्या सावित्रीबाईंची. तिला ती अर्धवट माहीत होती. परदेशात वाढणाऱ्या पोरांना आपण किती कमी सांगतो, याची मला त्या दिवशी लाज वाटली.

नोव्हेंबरात तिकडचे मुख्याध्यापक आणि एक शिक्षिका इकडे आल्या. दोघं एका रात्री आमच्याकडे जेवायला होते. बाहेर चार वाजताच अंधार, बारीक गारांचा पाऊस. मी पिठलं, ज्वारीची भाकरी आणि दाण्याचं कूट घातलेली मेथीची भाजी केली होती. जेवायला बसण्याआधी सरांनी माझ्या हातातला पाण्याचा जग घेतला आणि स्वतः सगळ्यांच्या हातांवर पाणी घातलं, आधी माझ्या धाकट्याच्या. त्यांच्याकडे तशी पद्धत आहे. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून भाजीला लावला, तोंडात घातला, आणि डोळे मोठे करून बाईंकडे बघत म्हणाले, "न्सिंजिरो!" त्यांच्याकडे भोपळ्याच्या पाल्याच्या भाजीत शेंगदाण्याचं कूट घालतात, त्याचं हे नाव. नंतर दोघांनीही चमचा हातात धरला नाही.

जेवताना मी आप्पांबद्दल सांगितलं. वसतिगृह, एक सदरा, मूठभर धान्य. सरांनी मधेच थांबवून विचारलं, "मूठ म्हणजे रोज? प्रत्येक घरातून?" मी जात्याजवळच्या मडक्याचं सांगितलं. त्यांनी खिशातली छोटी डायरी काढली आणि लिहून घेतलं. मूठ हा शब्द त्यांनी मला दोनदा म्हणायला लावला.

आप्पांच्या प्रश्नाचं माझ्याकडचं उत्तर अजून अर्धंच आहे. विमानाच्या भाड्यात जे गेले त्यांत आणखी दोन खोल्या झाल्या असत्या, हे खरं आहे आणि ते मला टोचतं. पण नुसते पैसे गेले असते, तर रंगारी घरी बसले होते हे कुणाला कळलं नसतं. कडी लागणाऱ्या खोलीची मागणी कुणाच्या कानावर आली नसती. वीस वर्षं त्याच दारात पुन्हा पुन्हा जाऊन उभं राहिल्यावरच माणसं खरं बोलायला लागतात. आपल्याकडेही साताऱ्यातल्या एखाद्या मोठ्या शाळेनं माण-खटावातल्या किंवा कोयनेच्या वरच्या अंगाला असलेल्या एखाद्या वाडीवस्तीच्या शाळेशी असं नातं जोडलं तर? त्याला विमान लागत नाही, एसटी पुरते. मी माझ्या जुन्या शाळेतल्या सरांना पत्र लिहिलंय.

या मे महिन्यात मलावीहून सरांचा निरोप आला. मक्याची काढणी झाल्यावर आयांच्या गटानं घरोघर मूठ सुरू केली होती. आठवीची मुलं परीक्षेआधी संध्याकाळी शाळेत थांबून अभ्यास करतात, त्यांच्या रात्रीच्या न्सिम्यासाठी, म्हणजे मक्याच्या पिठाच्या उकडीसाठी. सोबत फोटो होता. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या कोपऱ्यात तीन पोती, त्यांवर खडूनं आठचा आकडा.

मी तो फोटो आप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "मका नीट वाळवून भरलाय का? किडा लागंल. कडुलिंबाचा पाला घालाय सांग."

मी तसं कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं की वर्गांच्या मागे कडुलिंबाची दोन झाडं आहेत, मुलांनी पाला उतरवलाय. हे सांगायला आप्पांना फोन केला, तर त्यांना घाई झाली होती.

"सावलीत वाळवा म्हणावं," म्हणाले. "उन्हात नको. आत्ताच कळीव."