तीन अंशांपलीकडच्या बॅटी

अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या एका लहान बॅट कारखान्यात मी तपासनीस आहे. व्यावसायिक बेसबॉलसाठी जाणाऱ्या मेपल लाकडाच्या प्रत्येक बॅटीवर शाईचा थेंब टाकायचा, हे माझे काम. कारखान्यातली निम्मी भांडणे त्याच थेंबावरून होतात.

2008 मध्ये मेपलच्या बॅटी मोडून त्यांचे टोकदार तुकडे मैदानात उडू लागले, तेव्हा मेजर लीगने, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल संघटनेने, त्या मोसमातल्या 2,232 मोडलेल्या बॅटी लाकूडतज्ज्ञांकडून तपासून घेतल्या आणि पुढच्या मोसमापासून लाकडातल्या तंतूंचा कल बॅटीच्या लांबीपासून तीन अंशांच्या आत असण्याची अट घातली. ॲश या बॅटींच्या दुसऱ्या लाकडात तंतूंची दिशा नुसत्या डोळ्यांना दिसते. मेपलची छिद्रे मात्र इतकी बारीक आणि विखुरलेली असतात, की वाढीच्या रेषा सरळ दिसत असूनही आतला तंतू तिरका निघू शकतो. म्हणून पॉलिशच्या आधी मुठीच्या भागावर थेंब टाकतात. शाई नलिकांमधून लांबट पसरते आणि इंचभरात साधारण 1.3 मिलिमीटरहून जास्त, म्हणजे तीन अंशांपलीकडे, सरकली, की बॅट बाद.

गेल्या हिवाळ्यात एका खेळाडूसाठी आमच्या सर्वांत जुन्या कारागिराने एक खेप लेथवर उतरवली. वजन नेमके, घनता उत्तम, बाक कुठे नाही. पण पुरवठादाराने लाकूड तंतूंच्या दिशेने फोडण्याऐवजी करवतीने कापलेले होते आणि जवळजवळ निम्म्या बॅटींवर शाई तिरकी धावली. कारागिराने एक बॅट मुठीकडून सैल धरून सिमेंटवर ठोकली आणि तिचा खणखणीत नाद मला ऐकवला. नाद खरोखरच सुरेख होता, पण त्यावरून तंतूंचा कल कळत नाही, हे त्याच्यासारख्या माणसाला सांगावे लागणे मला जड गेले.

नियम योग्यच आहे. त्यानंतर तुकडे होऊन मोडणाऱ्या बॅटींचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. पण लीगचे वार्षिक शुल्क, विमा आणि बाद मालाचा तोटा मोठ्या कारखान्याला पेलतो, आम्हाला नाही. पुरवठादारानेही लाकूड परत घ्यायला साफ नकार दिला.

मला अजून खटकते ते पुढचे. बाद बॅटी मालकांनी कमी किमतीत हौशी क्लबांसाठी काढल्या. तिथे चेंडू हळू येतो, हे त्यांचे उत्तर. ते खोटे नाही, पण तिथल्या प्रेक्षकांसमोर जाळीही नसते. फार वाद घातल्यावर सर्वांत तिरक्या तेवढ्या शोभेच्या बॅटींसाठी बाजूला निघाल्या. बाकीच्यांचे खोके त्याच आठवड्यात रवाना झाले.