तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या साइट्स एकदम कशा सांभाळता?

बांधकाम कंपनीत प्लॅनिंग बघते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘पाच-सहा प्रोजेक्ट्स एकदम? कुठलं सॉफ्टवेअर वापरता?’ विचारणारा बहुतेकदा लहान कंत्राटदार असतो, किंवा एक्सेलच्या शीट्स हाताबाहेर गेलेला एखादा आर्किटेक्ट. एका शब्दात उत्तर हवं असेल तर प्रिमाव्हेरा. पण तेवढं ऐकून कुणी लायसन्स घेतलं, तर वर्षभराने त्याच्या भिंतीवर देखणे बारचार्ट असतील आणि गोंधळ होता तिथेच असेल.

सुटा सुटा बघितला तर प्रत्येक प्रोजेक्ट जमणाराच असतो. अडतं ते सामायिक गोष्टींपाशी.

आमचं पोस्ट-टेन्शनिंगचं, म्हणजे स्लॅबमधल्या पोलादी केबल ताणून त्याला ताकद देणारं पथक घ्या. पथक एकच, आणि ते एका स्लॅबला दोनदा लागतं. आधी केबल टाकायला. मग काँक्रीट पडतं, नमुन्याच्या क्यूबच्या ताकदीचे रिझल्ट हवे तेवढे येतात, तेव्हा जॅक लावून त्याच केबल ताणायला. मधले चार-पाच दिवस पथक मोकळं, म्हणून तेवढ्यात ते दुसऱ्या साइटवर जाऊन केबल टाकून येतं. कागदावर झकास बसतं. आता समजा आमच्या चाकणच्या साइटवर पाऊस लागला आणि काँक्रीट एक दिवस पुढे गेलं. चाकणच्या चार्टात बार एक घर सरकला, फ्लोट (शेवटची तारीख न हलवता काम लांबवता येईल एवढी सवड) होता, कुणी मान वर करून बघितलं नाही. पण ताणायचा दिवस नेमका दुसऱ्या साइटच्या, वाकडच्या केबलवर येऊन बसला. वाकडला पंप सांगून ठेवलेला, काँक्रीटची ऑर्डर दिलेली, आणि तिथला साइट इंजिनिअर फोनवर विचारतोय, ‘मॅडम, पथक निघालं का?’ वाकडच्या चार्टात मात्र सगळं हिरवंगार, कारण चाकणला पाऊस पडल्याचं त्या फाइलला कळायला मार्गच नाही.

तो मार्ग करून देणं हे सॉफ्टवेअरचं खरं काम. त्यासाठी पथक सगळीकडे एकाच नावाने हवं. एका साइटने ‘पीटी गँग’ आणि दुसरीने ‘पीटी टीम’ असं भरलं, तर सॉफ्टवेअरच्या लेखी आपल्याकडे दोन पथकं आहेत. एमएस प्रोजेक्टमध्ये रिसोर्स पूलची, म्हणजे सामायिक माणसं-यंत्रांच्या यादीची, वेगळी फाइल करून बाकीच्या फाइल्स तिला जोडता येतात. प्रिमाव्हेरात सगळं एकाच डेटाबेसमध्ये असतं, त्यामुळे जोडाजोड वाचते. नावांची शिस्त दोन्हीकडे आपल्यालाच लावावी लागते.

एक सेटिंग मात्र मी प्रत्येक नव्या माणसाला शेजारी बसवून दाखवते. प्रिमाव्हेराच्या शेड्यूल ऑप्शन्समध्ये एक ओळ आहे: फ्लोट प्रत्येक प्रोजेक्टच्या शेवटच्या तारखेवरून मोजायचा, की उघडलेल्या सगळ्या प्रोजेक्ट्सच्या? दुसरा पर्याय निवडलात की सगळ्यात उशिरा संपणारा प्रोजेक्ट सगळ्यांचं माप ठरतो. चाकण डिसेंबरात संपायचं आहे, साताऱ्याचं हॉस्पिटल पुढच्या जूनमध्ये. एकत्र उघडून शेड्यूल मोजायचं एफ-नाइन बटण दाबलं की चाकणला फुकटात सहा महिन्यांचा फ्लोट मिळतो आणि ‘इथे सवड नाही’ सांगणारे लाल बार गायब. मीटिंगमध्ये असा चार्ट फार गोड वाटतो. मी पहिला पर्यायच ठेवते.

कॅलेंडरचंही तसंच. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या स्पॅनच्या साध्या आरसीसी स्लॅबखालचे टेकू आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे किमान १४ दिवस ठेवायचे. काँक्रीटला रविवार नसतो. पण ही अ‍ॅक्टिव्हिटी सहा दिवसांच्या आठवड्यावर टाकली की १४ चे १६ होतात, आणि प्रत्येक मजल्याला दोन दिवस कुठे जातात ते शोधत बसावं लागतं.

यातलं गणित काही नवं नाही. क्रिटिकल पाथची, म्हणजे शेवटची तारीख ठरवणारी कामांची साखळी शोधायची पद्धत १९५७ च्या सुमारास ड्यूपाँटचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी बसवली, तीही युनिव्हॅकसारख्या अवाढव्य यंत्रावर. पुढच्याच वर्षी अमेरिकी नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी पर्ट ही तशीच वेळापत्रकाची पद्धत आणली. आजही आत तीच बेरीज-वजाबाकी चालते, फक्त आता ती लॅपटॉपवर क्षणात होते. म्हणूनच आपण तिच्यावर डोळे झाकून विश्वास टाकतो.

सगळ्यात मजा लेव्हलिंगची. एकच पथक दोन ठिकाणी लागलं तर कुठलं काम मागे ढकलायचं हे सॉफ्टवेअर ठरवतं, पण आपण दिलेल्या प्राधान्यावरून. एमएस प्रोजेक्टमध्ये हा आकडा ० ते १००० असतो, आणि १००० म्हणजे या कामाला हात लावायचा नाही. आता कुठला प्रोजेक्ट मॅनेजर आपल्या साइटला ५०० देईल? सगळे १००० मागतात. सगळ्यांना १००० दिले की सॉफ्टवेअर काहीच हलवत नाही आणि भांडण होतं तसं टेबलावर परत येतं. माझ्या मते ते तिथेच मिटायला हवं. कुठल्या ग्राहकाला चार दिवस थांबवायचं हा निर्णय मालकाचा आहे. माझं काम त्यांच्यापुढे एवढंच ठेवायचं, की वाकडला थांबवलं तर काय जातं आणि साताऱ्याला थांबवलं तर काय.

आणि आठवड्याची माहिती घेताना ‘किती टक्के झालं?’ असं मी विचारत नाही. टक्के नव्वदवर पोचले की तिथेच मुक्काम ठोकतात. ‘अजून किती दिवस?’ असं विचारलं की मुकादम हातातली माणसं मोजतो, शटरिंगच्या प्लेट्स आल्यात का बघतो, मग आकडा सांगतो. तो आकडा रिमेनिंग ड्युरेशनमध्ये जातो. सगळ्या साइट्सची डेटा डेट, म्हणजे माहिती कधीपर्यंतची ती वेळ, एकच हवी, शनिवार संध्याकाळ तर शनिवार संध्याकाळ. एक साइट सोमवारपर्यंतची आणि दुसरी गेल्या गुरुवारची असेल, तर सामायिक पथकाचा हिशेब लागणारच नाही.

तर, कुठलं घ्यावं? आधी वहीत लिहून काढा, की तुमच्या साइट्समध्ये सामायिक काय काय आहे. क्रेन, सर्व्हेअर, ड्रॉइंग पास करणारा कन्सल्टंट, आणि हो, बँकेतली शिल्लकही. काहीच सामायिक नसेल तर एक्सेल चालू द्या. ही यादी एका पानात मावत असेल आणि वेळापत्रक भरणारा माणूस एकच असेल, तर एमएस प्रोजेक्ट पुरतं. प्रत्येक साइटवर वेगळा माणूस एकाच वेळी भरणार असेल तर प्रिमाव्हेराचा खर्च करा, फक्त नवीन रिसोर्स तयार करायचा अधिकार एकाच्याच हातात ठेवा.