तुम्ही विचारलंत म्हणून: दॉक-इमसाठी मी का रडते

"एका कोरियन सिरियलसाठी एवढं रडायचं म्हणजे काय गं?" गेली तीन-चार वर्षं मी हे ऐकते आहे. वहिनी विचारते, बँकेतल्या मैत्रिणी जेवणाच्या सुट्टीत विचारतात, भाचा विचारतो आणि उत्तराची वाट न बघता हसतो. आत्यानं विचारलं ते मात्र भर पानांवर, आणि ते मला अजून लागून राहिलं आहे. तेव्हा एकदा सगळं नीट लिहून टाकते. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचावं, पण पुन्हा विचारू नये.

सिरियलचं नाव 'द रेड स्लीव्ह'. 2021 च्या नोव्हेंबरात कोरियात सुरू झाली आणि 2022 च्या 1 जानेवारीला संपली. भाग फक्त 17. गोष्ट जोसॉन घराण्याच्या जॉन्गजो राजाची आणि राजवाड्यातल्या सॉन्ग दॉक-इम या दासीची. दोघंही खरी माणसं. जॉन्गजो 1776 मध्ये गादीवर बसला. त्याच्या बापाला, युवराज सादोला, खुद्द आजोबांनी 1762 मध्ये तांदूळ साठवायच्या लाकडी पेटीत कोंडलं. आठव्या दिवशी तो त्या पेटीतच गेला. 'बाबांना सोडा' म्हणून आजोबांपुढे रडणारा नातू जेमतेम नऊ-दहा वर्षांचा होता. ज्या मराठी माणसाच्या कानात 'काका मला वाचवा' लहानपणापासून बसलेलं आहे, त्याला हे परकं का वाटावं, मला कळत नाही.

नावातली लाल बाही म्हणजे राजवाड्यातल्या दासींच्या बाहीच्या टोकाची लाल पट्टी. या बायका राजाच्या मानल्या जायच्या. त्यांना लग्न करता येत नसे. राजानं आयुष्यात एकदाही वळून बघितलं नाही तरी त्या त्याच्याच. दॉक-इमला जॉन्गजोनं पहिल्यांदा बोलावलं तेव्हा तो अजून गादीवर बसायचा होता, आणि ती नाही म्हणाली. ही काही सिरियलवाल्यांची करामत नव्हे. ती गेल्यावर राजानं तिच्यासाठी स्वतः मृत्युलेख लिहिला, त्यात आहे हे. तुमच्या बायकोला अजून मूल नाही, मग मी कशी येऊ, असं म्हणून ती रडली आणि मेले तरी येणार नाही म्हणाली. तो थांबला. पंधरा वर्षांनी पुन्हा विचारलं, तरी ती नाहीच म्हणाली. मग त्यानं तिच्या पदरच्या माणसांना शिक्षा केली, तेव्हा ती आली.

1782 मध्ये मुलगा झाला. 1786 मध्ये तो गोवरानं गेला आणि त्यानंतर चारेक महिन्यांत, पोटात आणखी एक मूल असताना, तीही गेली. तेहतीस वर्षांची होती.

मी सगळ्यात जास्त रडले ते ती जाते तिथे नाही. शेवटच्या भागात, ती जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, राजा तिच्या ठेवलेल्या वस्तू बघतो. त्यात तिचे दासी असतानाचे कपडे आहेत. तो ते हातात घेतो, उलगडतो, आणि त्याच्या लक्षात येतं की हे किती लहान आहेत. एवढीशी होती ही. सगळं राज्य सांभाळलेला माणूस त्या लाल पट्टीच्या बाहीकडे बघत बसतो आणि मग मोडून पडतो. राजाचं काम करणाऱ्या ली जुन-होनं हे असं केलंय की मला तो प्रसंग आजही धड लिहिता येत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. तोंडात ओढणी कोंबून रडले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोळे सुजलेले. तिसऱ्या दिवशी पोळ्या करताना पुन्हा. असं आठवडाभर चाललं.

आणि त्याच आठवड्यात अण्णांचं वर्षश्राद्ध होतं.

अण्णा गेले 2021 च्या एप्रिलमध्ये. तो एप्रिल कसा होता ते सांगायला नको. भाऊ मस्कतला अडकलेला. साताऱ्यात मी एकटी, आई घरात विलगीकरणात. बेडसाठी फोन, इंजेक्शनसाठी रांग, दर चार तासांनी ऑक्सिजनचा आकडा विचारायचा आणि वहीत लिहायचा. ती वही अजून आहे: 91, 88, 90, 84. नवव्या दिवशी पहाटे पावणेचारला फोन आला. आधार कार्डाच्या दोन झेरॉक्स घेऊन या, एवढं ऐकलं आणि मी झेरॉक्स शोधायला लागले. अण्णांचा चेहरा बघायला मिळाला नाही. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी गाडीत चढवलं. अस्थी मिळाल्या त्या मडक्यावर खडूनं नंबर घातला होता. मी तो नंबर पावतीशी ताडून बघितला, सही केली, घरी आले, आईला आंघोळीला पाणी काढून दिलं. रडले नाही. नंतर सर्टिफिकेट, पेन्शन, नॉमिनी, तेव्हाही नाही. बँकेत माझं काम चोख म्हणतात, तसंच चोख केलं सगळं.

वर्षश्राद्धाला आत्या पुण्याहून आली. अण्णा तिचे थोरले भाऊ. त्या एप्रिलमध्ये तिला यायला मिळालं नव्हतं. तिनं माझ्याकडून सगळं फोनवर ऐकलं होतं, आकड्यांसकट. गुरुजींचं आटोपलं, पहिली पंगत बसली. वडे वाढत होते मी. भाच्यानं माझ्या डोळ्यांकडे बघून सहज म्हटलं, "मावशीची ती कोरियन राणी गेली ना, म्हणून आठवडाभर रडतेय." दोघं-तिघं हसले. आत्या नाही हसली. पानावरचा हात तसाच ठेवून म्हणाली, "माझ्या दादासाठी हिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आणि त्या चिन्यांसाठी आठवडाभर?"

मी काय करायला हवं होतं? वाढत राहायला हवं होतं. ती म्हातारी, तिचा भाऊ गेलेला, तिनं त्याला शेवटचं बघितलेलं नाही. पण मी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाले, "तुम्ही थेऊरला गेलात की रमाबाईंच्या वृंदावनाशी डोळ्याला पदर लावता, ते कोणासाठी, आत्या? तुमच्या कोण लागत होत्या त्या?"

आत्या दरवर्षी चिंतामणीला जाते. माधवराव पेशवे 1772 मध्ये तिथेच गेले, सत्तावीस वर्षांचे. रमाबाई त्यांच्यामागे तिथेच सती गेल्या. नदीकाठी त्यांचं वृंदावन आहे. लहानपणी मी आत्याबरोबर गेले आहे, तिला तिथे रडताना बघितलं आहे. तेव्हा मला ते फार सुंदर वाटायचं. आणि मी तेच उचलून तिच्या तोंडावर मारलं, भावाच्या श्राद्धाच्या दिवशी, भरल्या पानावर.

ती उठली नाही, चिडली नाही. भाताचे चार घास मुकाट्यानं खाल्ले, कारण श्राद्धाचं पान टाकायचं नसतं. हात धुतला आणि आतल्या खोलीत जाऊन आडवी झाली. संध्याकाळच्या एसटीनं गेली. स्टँडवर सोडायला मी गेले नाही.

मी म्हणाले ते चूक नव्हतं, हे मी आजही म्हणते. अडीचशे वर्षांपूर्वीच्या पेशवीणबाईसाठी रडणं म्हणजे संस्कार आणि त्याच काळातल्या जोसॉनच्या दासीसाठी रडणं म्हणजे खूळ, हा कुठला हिशेब? 1773 मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव मारले गेले. त्याच साली तिकडे दॉक-इम राजाच्या बहिणींबरोबर बसून एका मोठ्या कादंबरीची नक्कल उतरवत होती, ती हस्तलिखितं आजही आहेत. एकाच वर्षातली माणसं ही. म्हणणं बरोबरच होतं माझं. पण म्हणायला नको होतं, हेही तितकंच खरं आहे, आणि या दोन्ही गोष्टी माझ्यात एकत्र नांदत नाहीत.

त्यानंतर घरातल्या समजूतदार माणसांनी एक तोडगा काढला. नवरा म्हणाला, "तू त्या राणीसाठी रडलीच नाहीस गं. अण्णांचं रडू राहून गेलं होतं, ते बाहेर आलं." वहिनीलाही ते पटलं. आता कोणी विचारलं की तीच माझ्या वतीनं सांगते, हळू आवाजात. सगळ्यांना बरं वाटतं. रडण्याला कारण सापडतं आणि मुलगीही निर्दय ठरत नाही.

काही दिवस मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू. राजासुद्धा तसाच की. ती गेल्यावर त्याला राज्य चालवायचं होतं, मला फॉर्म भरायचे होते. त्याला कपडे बघितल्यावर फुटलं. मग माझंही कुठेतरी असंच अडकलेलं असणार. दवाखान्यातून आलेली अण्णांची पिशवी मी न उघडताच माळ्यावर टाकली होती. एका रविवारी घरात कोणी नसताना स्टूल घेऊन ती काढली. जमिनीवर बसून उघडली. चष्मा, त्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मोबाईलचा चार्जर. गोळ्यांची पाकिटं, एकात सहा गोळ्या शिल्लक. घरून पाठवलेला स्टीलचा पेला, त्याच्या कडेवर आईचं नाव कोरलेलं. निळ्या काठाचा टॉवेल, त्याला औषधाचा वास. एकेक वस्तू हातात घेतली, टॉवेल नाकाशी नेला. अर्धा तास बसले असेन.

काही आलं नाही. डोळे कोरडे. पेला धुऊन फळीवर ठेवला, बाकीचं परत बांधून माळ्यावर टाकलं. त्याच रात्री तो बाहीचा प्रसंग लावला आणि पुन्हा तसेच हुंदके.

म्हणून तुम्हाला सांगते, माझं हे रडणं अण्णांच्या खात्यावर जमा करू नका. ते दॉक-इमचं आहे. तिच्यासाठी रडायला तिचंच कारण पुरेसं आहे.

ते कारण असं, की ती स्वतः आपल्याशी बोललीच नाही. तिचं म्हणणं राजानं लिहून ठेवलं. तिनं स्वतः लिहिलेले तिचे शब्द राहिले नाहीत, राहिलं ते तिनं उतरवलेल्या दुसऱ्याच्या गोष्टीतलं अक्षर. ज्यांनी सिरियल बघितली त्या सगळ्या बायका एकाच गोष्टीवरून भांडतात: तिचं त्याच्यावर प्रेम होतं की नव्हतं? सिरियलमध्ये मरताना ती त्याला सांगते, पुढच्या जन्मी दिसले तर ओळख दाखवू नका, तसेच पुढे निघून जा. तो विचारतो, थोडंसुद्धा प्रेम नव्हतं का? त्यावर ती म्हणते, अजून कळलं नाही का? खरंच नको असतं तर कशीही पळून गेले असते.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तिचा राग आला होता. एवढ्या जीव लावणाऱ्या माणसाला जाताना असं बोलतात? भाचीशी मी तासभर वाद घातला. ती म्हणाली, "मावशी, त्यानं तिला विचारलं कुठं, बोलावलं." मी म्हणाले, तुला संसारातलं काही कळत नाही. नंतर ती माणसांना शिक्षा केल्याची हकिगत वाचली आणि मी गप्प झाले. दोनदा नाही म्हटलेली बाई, तिच्या माणसांवर शिक्षा आणून मग होकार मिळवला. याला काय म्हणायचं? तेव्हापासून राजा रडायला लागला की मला त्याचाही राग येतो, आणि राग येत असतानाच मी त्याच्याबरोबर रडते. पळून गेले असते म्हणते, पण कुठे गेली असती? ते वाक्य प्रेमाचं आहे की त्याला बरं वाटावं म्हणून टाकलेलं? कितीदा बघितलं, दॉक-इम झालेल्या ली से-यंगच्या चेहऱ्यावरून ठरवता येत नाही. मला वाटतं तिनं ते ठरवू दिलेलं नाही. आणि आयुष्यात एवढी एकच गोष्ट तिची स्वतःची राहिली असेल तर ती तिच्याकडून आपण का काढून घ्यायची?

गेल्या महिन्यात आत्याचा फोन आला. अधूनमधून येतो, आईची चौकशी करायला. बोलणं संपत आलं तशी एकदम म्हणाली, "त्या तुझ्या राणीचं काय होतं गं नक्की?" मी सांगितलं. पेटीपासून सांगितलं. ती मध्ये बोलली नाही. राजा पुढे चौदा वर्षं जगला, 1800 मध्ये गेला, त्याला त्याच्या बापाजवळ पुरलं. तिला मुलाच्या शेजारी ठेवलं होतं सोलमध्ये, पण 1944 मध्ये जपान्यांनी दोघांच्या कबरी शहराबाहेर हलवल्या. तिथे आता मुलगा एका जागी आणि आई दुसऱ्या. जुन्या जागेवर बाग आहे, फुटबॉलचं स्टेडियम आहे.

"लेकराला आईपासून कशाला काढलं मेल्यांनी?" आत्या म्हणाली. आवाज जड झाला होता तिचा.

मग बराच वेळ दोघीही गप्प. मला वाटलं फोन कट झाला.

"पण दादासाठी तू रडली नाहीस," ती म्हणाली.

"नाही रडले, आत्या," मी म्हणाले.