आमची वाटचाल : स्टार्टरपासून थ्रस्टरपर्यंत

आमचं दुकान दारूखान्यात आहे असं सांगितलं की नवीन सोयरे आधी एकमेकांकडे बघतात. ही दारू बंदुकीची. रे रोड स्टेशनच्या पूर्वेला, जुनी जहाजं तोडून विकतात तो भाग. बाबांनी 1988 साली तिथे दहा बाय बाराचा गाळा घेतला आणि बोटींचे स्टार्टर, आल्टरनेटर भरून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाईक म्हणजे भाऊच्या धक्क्यावरचे आणि ससून डॉकचे नाखवे. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोटी शाकारलेल्या. तेव्हा आमच्या दारात स्टार्टरची रास. नारळी पौर्णिमा जवळ आली की प्रत्येकाला स्वतःचा स्टार्टर कालच हवा असतो.

मी डिप्लोमा करून दुकानात बसलो. यॉटची कामं मात्र ठरवून आली नाहीत. रेडिओ क्लबसमोर नांगरलेल्या एका बोटीची, नांगर ओढायच्या यंत्राची मोटर जळली होती. तिचा तांडेल मूळचा मच्छीमार, बाबांना ओळखणारा. त्याने मोटर आमच्याकडे आणली, ती चालली, आणि वर्षाभरात तशा सात-आठ बोटी आमच्या वहीत आल्या. पैसे बरे मिळायचे. बाबांना ही कामं आवडत नसत. “गाद्यांवर बूट काढून चढायचं, त्यात मिस्त्री कसला,” म्हणायचे.

धंद्याला वळण लागलं ते एका बो थ्रस्टरमुळे. माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बोटीच्या नाळेत, म्हणजे पुढच्या टोकात, पाण्याखाली, एक आडवी आरपार नळी असते. तिच्यात पंखा, वर मोटर. जॉयस्टिक डावीकडे दाबली की नाळ डावीकडे सरकते. मांडव्याच्या जेट्टीला बाजूने ओढ असताना पन्नास फुटी बोट लावायची तर हा पंखा म्हणजे तांडेलाचा तिसरा हात. आणि या बोटीचा तिसरा हात मनाला येईल तेव्हा लुळा पडायचा.

सकाळी नांगरावर चालवून बघितला की ठणठणीत. जेट्टीजवळ पहिले दोन झटके नीट, तिसऱ्याला नुसतं तडतड. अर्ध्या तासाने परत ठीक. कधी चार फेऱ्या काहीच नाही. आमच्याआधी दुसऱ्यांनी बॅटऱ्या बदलल्या होत्या, मग जॉयस्टिक, मग कंट्रोल बॉक्स. प्रत्येक वेळी नांगरावर चालवून दाखवलं, बिल घेतलं. शेठच्या हातात जुन्या सामानाची पिशवी आणि डोक्यात राग.

मीही तीन खेपा तेच केलं, हे कबूल करतो. मीटर लावला, मोटरच्या टर्मिनलवर 25.6 व्होल्ट. केबल सलग आहे का ते मीटरच्या बीपवर तपासलं, बीप झाला. कार्बन ब्रश बघितले, लांबी भरपूर. भुकटी फुंकून काढली, नट आवळले, “आता होईल” म्हणून घरी आलो. बीप तर वाटेत तीस-चाळीस ओहमचा अडथळा असला तरी होतो. थ्रस्टरच्या केबलमध्ये 0.014 ओहम जास्त झाले तरी खेळ संपतो, आणि एवढंसं आपल्या हातातला साधा मीटर दाखवतच नाही. हे मला कॉलेजात शिकवलं होतं. परीक्षेत लिहिलंही असेल.

चौथ्या खेपेला लोहार चाळीतून, विजेच्या सामानाच्या बाजारातून, डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर घेऊन गेलो. आमचा जुना फक्त एसीचा होता. तांडेलाला म्हटलं, नांगरावर नको, मांडव्याला चल आणि रोजच्यासारखी बोट लाव. मी नाळेतल्या खणात उतरलो. पायाखाली नांगराची ओली साखळी, चिखलाचा वास, डोकं डेकला टेकलेलं. एक मीटर बॅटरीवर, दुसरा मोटरवर, क्लॅम्प केबलवर. वरून आवाज आला, “मिस्त्री, सांभाळा, दाबतोय!”

पहिला झटका : 280 अँपिअर, बॅटरीवर 23, मोटरवर 21. दुसरा : मोटरवर 20. तिसऱ्याला बॅटरीवर 22.8 आणि मोटरवर 18, मग आणखी खाली, आणि सोलेनॉइड, म्हणजे मोटरला वीज जोडणारा विजेवरचा स्विच, तडतडायला लागला. तडतडीचं कारण सोपं आहे. त्या सोलेनॉइडच्या कॉइलला वीज त्याच लाइनवरून येते. व्होल्टेज पडलं की तो सुटतो, सुटला की भार जातो, भार गेला की व्होल्टेज चढतं, आणि तो परत धरतो. बिचारा बघणाऱ्याला वाटतं सोलेनॉइडच गेला. म्हणजे बॅटरी आणि मोटर यांच्यामध्ये जवळजवळ पाच व्होल्ट कोणीतरी खात होतं.

तांडेलाला म्हटलं, जेट्टीपासून जरा मागे घे आणि दाबत राहा. मीटरच्या दोन काड्या एकेका तुकड्याच्या दोन टोकांना लावत गेलो. पॉझिटिव्ह केबल, अर्धा व्होल्ट. फ्यूज आणि मेन स्विच मिळून 0.3. निगेटिव्ह केबलच्या मधल्या जोडावर काड्या टेकवल्या, चार व्होल्ट. चार गुणिले 280 म्हणजे अकराशे वॅटच्या वर. एक इस्त्री त्या खणात चालू होती म्हणा ना. जोडाला हाताचं बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. थंड असताना तारा एकमेकींना धरून असायच्या, तापल्या की सैल व्हायच्या. सकाळी कोणाला काही का सापडत नव्हतं ते तिथे कळलं.

टेप सोडवायला घेतली आणि हात थांबला. टेपच्या टोकाला मेणाचा दोरा गुंडाळून गाठ मारलेली होती. अशी गाठ आमच्या दुकानात मारतात. बाबांची पद्धत, टेप उलगडू नये म्हणून. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी या बोटीच्या बॅटऱ्यांची जागा बदलली तेव्हा केबल आखूड पडली होती, आणि ती आमच्याच दुकानातल्या पोराने वाढवून दिली होती. लग, म्हणजे केबलच्या टोकाचे धातूचे कान, हातोडीने ठोकून बसवलेले. आत हिरवी भुकटी, अर्ध्या तारा बोटाने तुटत होत्या.

मच्छीमार बोटीच्या स्टार्टरला हे चालून गेलं असतं. स्टार्टर दोन सेकंद करंट ओढतो आणि सुटतो. थ्रस्टर थांबून थांबून का होईना, दोन-तीन मिनिटं ओढतो. बाबांची हातोडी तिच्या कामापुरती बरोबर होती, काम बदललेलं आमच्या लक्षात आलं नव्हतं.

तांडेल वरून विचारत होता, “सापडलं काय?” मी म्हटलं, सापडलं. कोणाचं ते त्या दिवशी नाही सांगितलं. रात्रभर बाबांशी वाद घातला. त्यांचं म्हणणं, गुपचूप जोड बदलून मोकळा हो. सकाळी मी शेठना फोन करून सांगितलं, आणि चारही खेपांचे पैसे घेणार नाही म्हटलं. ते मोठे मनाचे वगैरे काही निघाले नाहीत. बॅटऱ्या आणि जॉयस्टिक किती हजारांची पडली ते ऐकवलं आणि फोन ठेवला. पूर्ण निगेटिव्ह केबल बिनजोडाची, कल्हई केलेल्या तारांची टाकून दिली, तीही आमच्या खर्चाने. पुढचे आठ महिने त्यांच्याकडून काम नाही. पावसाळ्यात बोट वर ओढली तेव्हा तांडेलाचा फोन आला, “शेठ बोलले, दारूखान्यावाल्यालाच बोलव.”

त्या महिन्यात हायड्रॉलिक क्रिंपर, म्हणजे लग दाबून बसवायचं यंत्र, घेतला, हप्त्यावर. बिलात ‘तपासणी’ अशी वेगळी ओळ तेव्हापासून आली. सामान बदललं नाही तरी ती लागते. त्यावरून भांडणं होतात, होऊ देत. आज वहीत चोवीस बोटी आहेत, आम्ही चौघं काम करतो. सगळेच थ्रस्टर इतका छळ करत नाहीत. मोटर सुसाट फिरते आणि नाळ हलत नाही, तर बहुतेक पंख्याची पिन तुटलेली असते. दोरी किंवा जाळ्याचा तुकडा अडकतो. एकाच बाजूला चालत नसेल तर आधी त्या बाजूचा सोलेनॉइड बघतो. गाठ मात्र अजून मारतो, मेणाच्या दोऱ्याने, क्रिंपवरच्या रबरी नळीवरसुद्धा. पोरं हसतात.

सध्या एक बोट आहे, जिचा थ्रस्टर खालच्या जॉयस्टिकवर चालतो आणि वरच्या जॉयस्टिकवर फक्त पाऊस पडून गेल्यावर बंद पडतो. दोनदा जाऊन आलो, दोन्ही वेळा कडक ऊन. शनिवारी बादली आणि पाण्याचा पाइप घेऊन जाणार आहे.