दीड चौरस किलोमीटरची कैद

संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंधांचा विषय निघाला की लोक कादी खटल्याबद्दल (अशाच यादीतल्या एका माणसाने युरोपीय संघाच्या न्यायालयात लढवलेल्या) बोलतात. माझं मन मात्र 'नादा विरुद्ध स्वित्झर्लंड'मध्ये अडकतं. काल रात्री निकाल पुन्हा वाचायला घेतला आणि झोप गेली.

युसूफ नादा हा सत्तरीतला माणूस काम्पियोने द'इतालियात राहायचा. हे गाव इटलीचं, पण चहूबाजूंनी स्विस हद्द, क्षेत्रफळ जेमतेम १.६ चौरस किलोमीटर. २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या दहशतवादी संबंधांचा संशय असलेल्यांच्या निर्बंध-यादीत त्याचं नाव आलं आणि पुढे स्विस प्रवेश बंद झाला. डॉक्टरांकडे जायलाही परवानगी लागायची, ती नाकारली जायची.

२००५ मध्ये स्विस चौकशीत काहीच न निघाल्याने फाइल बंद झाली. पण हे यादी सांभाळणाऱ्या समितीला कळवलं कधी? २००९ मध्ये! (मला सगळ्यात हाच भाग डाचतो.) २००७ मध्ये स्विस सर्वोच्च न्यायालयाने 'सुरक्षा परिषदेपुढे आमचे हात बांधलेले' म्हणत हात वर केले.

२०१२ मध्ये स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाने खासगी आयुष्याच्या आणि दाद मागण्याच्या हक्काचा भंग झाल्याचं ठरवलं. तोवर यादीतून नाव निघून तीन वर्षं झाली होती.