तुम्ही विचारलंत म्हणून: लोड बॅलन्सरमागच्या लिंक्स

इंदूरमधल्या मराठी संस्थांची संकेतस्थळे सांभाळणारी तरुण मंडळी मला वारंवार विचारतात, "सर, एका सर्व्हरवर सगळे नीट चालत होते, पुढे लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारी यंत्रणा) बसवला आणि लिंक्स तुटल्या. आता प्रत्येक लिंक पूर्ण पत्त्यासह लिहायची का?"

माझे उत्तर 'नाही' असे आहे. सापेक्ष लिंक, म्हणजे डोमेनचे नाव न लिहिलेली अर्धवट लिंक, पूर्ण करण्याचे काम ब्राउझर करतो आणि त्याला पान ज्या पत्त्यावरून आले तेवढाच पत्ता ठाऊक असतो. रिव्हर्स प्रॉक्सीच्या (लोड बॅलन्सरसारख्या, समोर उभे राहून विनंत्या आत पोहोचवणाऱ्या सर्व्हरच्या) मागे किती मशिने आहेत आणि त्यांवर ॲप्लिकेशन कोणत्या पाथवर (पत्त्यातल्या डोमेननंतरच्या भागावर) बसले आहे, याची त्याला गंधवार्ता नसते.

समजा, एखाद्या ग्रंथालयाची सूची बाहेरून '/ग्रंथालय/' या पाथवर दिसते आणि प्रॉक्सी तेवढा भाग कापून विनंती आतल्या सर्व्हरच्या मुळाशी पोहोचवते. पानातली लिंक नुसती 'यादी' अशी असेल, तर ब्राउझर '/ग्रंथालय/यादी' मागतो आणि काम होते. तीच '/यादी' अशी लिहिली असेल, तर विनंती डोमेनच्या मुळाशी जाते, जिथे कदाचित भलतेच ॲप्लिकेशन असते. त्याहून फसवा प्रकार शेवटच्या स्लॅशचा. वाचक '/ग्रंथालय' या पत्त्यावर स्लॅशविना उतरला, तर ब्राउझर 'ग्रंथालय' हे पानाचे नाव समजतो, आणि साधी 'यादी'सुद्धा '/यादी' होऊन बसते. म्हणून स्लॅश जोडून देणारे रीडायरेक्ट (ब्राउझरला दुसऱ्या पत्त्यावर धाडणारे उत्तर) प्रॉक्सीवरच लिहावे.

आतल्या सर्व्हरवर सोडलेले रीडायरेक्ट लोकेशन हेडरमध्ये (उत्तरासोबत नवा पत्ता सांगणाऱ्या ओळीत) अनेकदा स्वतःचे खासगी नाव आणि 8080 हा पोर्ट लिहून मोकळे होते, आणि राजवाड्याजवळ घरी बसलेल्या वाचकाला तो पत्ता उघडत नाही. अपाची या वेब सर्व्हरमधली 'प्रॉक्सीपासरिव्हर्स' ही सूचना ते हेडर दुरुस्त करते, परंतु पानाच्या एचटीएमएलला हात लावत नाही. बहुतेकांचा गैरसमज नेमका इथे होतो. पानातला मजकूर वाटेत बदलणारे फिल्टर उपलब्ध आहेत, पण मी ते सुचवत नाही, कारण जीझिप केलेले (आकुंचित केलेले) उत्तर आधी उलगडावे लागते आणि जावास्क्रिप्टने तुकडे जुळवून केलेले पत्ते तरीही निसटतात.

माझा आग्रह असा की आतला आणि बाहेरचा पाथ एकच ठेवावा, म्हणजे मागच्या प्रत्येक सर्व्हरवर ॲप्लिकेशन '/ग्रंथालय/' याच पाथवर बसवावे. प्रॉक्सी म्हणून एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल, तर विनंती कुठे धाडायची ते सांगणाऱ्या 'प्रॉक्सी पास'च्या पत्त्यात पोर्टनंतर काहीही लिहिले नाही, तर पाथ जसाच्या तसा पुढे जातो; तिथे एक स्लॅश पडला की 'लोकेशन'शी (सेटिंगमध्ये लिहिलेल्या पाथशी) जुळलेला भाग कापला जाऊन त्याच्या जागी तो स्लॅश येतो. ईमेलमधल्या लिंकला पूर्ण पत्ता लागतोच, आणि तो ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये एकदाच लिहून ठेवावा. वाचकाने मागितलेले डोमेन आत कळवणाऱ्या 'एक्स-फॉरवर्डेड-होस्ट' या हेडरवरून तो काढायचा असेल, तर बाहेरून आलेले हेडर पुसून प्रॉक्सीने स्वतःचे लिहिले पाहिजे, नाहीतर कोणीही त्यात हवे ते नाव घुसवू शकतो.

एवढे करूनही नवी आवृत्ती चढवताना चित्रे अधूनमधून गायब होतात, ती बॅलन्सिंगमुळे. पान नव्या आवृत्तीच्या मशिनवरून येते, त्यातली सापेक्ष लिंक मात्र पुन्हा समोरच्या दारातून आत शिरते आणि जुन्या आवृत्तीच्या मशिनवर पोहोचते, जिथे ती फाइल अजून नसते. त्यासाठी चित्रे, स्टाइलशीट आणि स्क्रिप्ट आधी सर्व मशिनांवर पोहोचवाव्यात, त्यानंतर पाने बदलावीत, आणि जुन्या फाइली काही दिवस तशाच राहू द्याव्यात.