भट्टी नंबर १७: कोन सहा अखेर सहावर आला

निळं ग्लेझ (भांड्यावरचा काचेसारखा लेप) ओघळून तीन मग फळीला चिकटले होते त्याचं कारण सापडलं एकदाचं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, ज्यांच्याकडे छोटी इलेक्ट्रिक भट्टी आहे आणि जे नुसत्या कंट्रोलरच्या आकड्यावर विसंबून आहेत त्यांनी तरी वाचाच.

ती भट्टी नंबर १४ (भट्टी एकच, नंबर भाजणीचा). कंट्रोलरवर १२२२ अंश सेल्सियस लावलं होतं, ऑर्टन नावाच्या कोनांच्या तक्त्यात कोन सहाचा (कोन म्हणजे ठरावीक आच खाल्ली की वाकणारा छोटा सुळका) आकडा तोच आहे, भट्टी तिथे पोचली, बंद झाली, मी निवांत झोपले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाकण उघडलं तर मधल्या फळीवरच्या तीन कोनांपैकी पाच पार वितळून बसलेला, सहा आडवा, आणि सात, जो ताठ उभा असायला हवा होता, तोही वाकून टोक टेकवून बसलेला. म्हणजे भट्टी अख्खा एक कोन वर गेली. त्यातही १२२२ हा आकडा कधी खरा, तर शेवटचे १०० अंश ताशी ६० च्या वेगाने चढवले तर. मी घाईत ताशी १५० ने चढवलं होतं आणि त्या वेगाला कोन सहाला १२४३ लागतात! म्हणजे हिशोबाने सहासुद्धा पूर्ण वाकायला नको होता आणि इथे सात पडला. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार, निदान ३०-३५ अंश तरी कमी दाखवत होतं. के टाइपची तार, अडीच वर्षं जुनी, दर ग्लेझ भट्टीला १२०० च्या वर जाणारी, ती जळून झिजत जाते आणि हळूहळू कमी आकडा सांगायला लागते, मग कंट्रोलर तिच्यावर विश्वास ठेवून अजून तापवत राहतो. बाहेर काढली तर टोकाचे पापुद्रे हातात आले.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, कोन म्हणजे भट्टीतलं शीत. गॅस किती मोठा आहे यावरून भात शिजला की नाही कळत नाही, शीत दाबूनच बघावं लागतं. थर्मोकपल सांगतं आत्ता आच किती आहे, कोन सांगतो की मातीने आणि ग्लेझने आतापर्यंत किती आच खाल्ली, म्हणजे तापमान आणि वेळ दोन्ही मिळून. आणि तो हे सांगू शकतो कारण तो बनतोच फेल्डस्पार, केओलिन, सिलिका असल्या ग्लेझच्याच सामानातून. बर्लिनच्या पोर्सेलिन कारखान्यात हेरमान झेगरने १८८६ मध्ये हे कोन काढले आणि अमेरिकेत ओहायोला एडवर्ड ऑर्टनने १८९६ मध्ये बनवायला सुरुवात केली, आपण आज वापरतो ते बहुतेक त्याच नावाचे. नंबरात एक खोच आहे, ०६ आणि ६ मध्ये गल्लत करू नका. पुढे शून्य असेल तर उलटं मोजायचं, ०६ म्हणजे साधारण ९९८, ०४ म्हणजे १०६३, दोन्ही बिस्कचे, म्हणजे ग्लेझच्या आधीच्या पहिल्या भाजणीचे. ६ म्हणजे १२२२. ०६-०४ ला पिकणारी कमी आचेची माती चुकून कोन सहाला गेली तर फळ्यांसकट सगळं गेलं.

तर नवीन थर्मोकपल बसवलं आणि भट्टी नंबर १५ फक्त चाचणीसाठी लावली. तिन्ही फळ्यांवर ५-६-७ चा एकेक पॅक. पॅक मी घरीच करते, ग्रॉगवाल्या (भाजलेल्या मातीचा चुरा घातलेल्या) मातीची वळकटी, सुईने आरपार भोकं पाडायची म्हणजे वाफ निघते, कोन ८ अंश कललेले, तिघांचा कल एकाच बाजूला, आणि आधी पडणारा कोन शेजाऱ्याच्या अंगावर पडणार नाही असे. मग आठवडाभर वाळवायचे. पूर्वी एकदा ओलाच पॅक आत ठेवला होता, फुटून तुकडे ग्लेझवर चिकटले, तेव्हापासून महिन्याचे पॅक एकदम करून ठेवते. आणि खाली बिस्कची जुनी ताटली, अल्युमिना-केओलिनचा हात दिलेली, म्हणजे फळी वाचते.

या वेळी शेवटचे १०० अंश ताशी ६० ने. निकाल: मधला सहा अगदी घड्याळातल्या सहावर, टोक बुडाच्या रेषेत, बघून इतकं बरं वाटलं! वरच्या फळीवर मात्र सातने मान खाली घालायला सुरुवात केलेली आणि खालच्या फळीवर सहा जेमतेम तीनवर. म्हणजे एकाच भट्टीत खाली कोन साडेपाच, वर कोन साडेसहा. माझे खालच्या फळीवरचे वाडगे नेहमी खरखरीत का निघायचे आणि मी वर्षभर ग्लेझच्या रेसिपीला का दोष देत होते ते त्या दिवशी कळलं. रेसिपी बरोबरच होती.

१६ ला खालची फळी जमिनीपासून दोन इंच उचलली, खाली मोजकी भांडी, दाटी वर, आणि शेवटी १२१० ला वीस मिनिटं धरून ठेवलं. खालचा सहा पाचवर आला.

आता १७. रात्री साडेआठला ११७५ वर लाईट गेली. पन्नास मिनिटांनी आली तेव्हा आकडा ९६० च्या आसपास. आता परत १२१० पर्यंत जाऊन वीस मिनिटं धरायचं की आधी खाल्लेली आच धरून अलीकडेच थांबायचं? कंट्रोलरला यातलं काही माहीत नसतं, कोनाला असतं, कारण जे वितळायला सुरुवात झालं ते थंड झालं म्हणून मागे जात नाही. मग वेल्डिंगचा काळा चष्मा लावून झरोक्याशी बसले. १२०० ला आत सगळं एकाच पिवळ्या-पांढऱ्या रंगाचं असतं, कोन दिसतच नाहीत, झरोक्यातून अलगद फुंकर मारली की टोकं क्षणभर काळपट होतात आणि दिसतात. पॅक झरोक्याच्या सरळ समोर पण एलिमेंटपासून लांब ठेवा, नाहीतर तो फक्त एलिमेंटची गोष्ट सांगेल. ११९० च्या सुमारास पाच झुकला, मग सहाची मान हलली, एकदा हलली की पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण खाली येतो त्यामुळे तिथून हललेच नाही, चहासुद्धा तिथेच. सहा घड्याळातल्या साडेपाचवर आल्यावर हाताने बंद केली. आकडा होता १२०४, आणि धरून ठेवणं शून्य मिनिटं.

आज सकाळी १०० च्या खाली आल्यावर उघडली. वर सहा पडलेला, सात ताठ, मध्ये सहावर, खाली साडेचारवर. निळं ग्लेझ काठाशी तपकिरी आणि बुडाच्या वर बोटभर थांबलेलं, एकही मग चिकटला नाही. खालच्या फळीवरच्या वाडग्याला टिचकी मारली तर छान खणखणीत वाजला, गोरोबाकाकांचं थापटणं आठवलं, फक्त त्यांना भाजून झाल्यावरच कळायचं.

तिन्ही फळ्यांचे पॅक तारखेसकट खोक्यात लावून ठेवलेत. पुढच्या भट्टीत खालच्या फळीला हळू वितळणारं पांढरं काढून त्याऐवजी कोन पाचचं हिरवं ठेवणार आहे. कोणी झरोक्याच्या मागे काळी पट्टी रंगवून बघितली असेल तर सांगा, कोन त्याने जास्त स्पष्ट दिसतात का.